आजारी मुलाच्या उशाशीं

मी वैद्य नाहीं, डॉक्टर तर नाहींच नाहीं. मॅट्रिकपलीकडे माझें शिक्षण गेलें नाहीं, आणि सारें आयुष्य शहापूर व मुरबाड ह्या ठाणें जिल्ह्यांतील दोन तालुक्यांत मुलांना बाराखडी नि पाढे शिकविण्यांत गेलें. तेव्हां रोगांवर बोलण्याचा मला अधिकार काय, अशी शंका आपणांस येणें साहजिक आहे. अधिकार असलाच तर एवढाच कीं, निवासी शाळेच्या मास्तराला मुलांच्या पाटीपेक्षां त्यांच्या उशाशींच पुष्कळदां अधिक वेळ बसावें लागतें. ताप, हगवण, गोवर, खरूज, कावीळ, खोकला, ही पाहुणेमंडळी आमच्या शाळेंत दर पावसाळ्यास न चुकतां उतरत. औषध देणारा निराळा असे आणि तो दूर असे. उशाशीं आम्ही असूं. त्या बसण्याविषयींच आज बोलावयाचें आहे.

शहापूरचें नांव मुंबईच्या श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडींत बसल्याखेरीज ऐकलें नसेल. पण शहापूरचें पाणी ते रोज पितात. तानसाचें धरण १८९२ सालीं पुरें झालें, त्यानंतर वैतरणा आली, भातसा आली. आज मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकीं निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसाचें असतें. आणि ह्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखांत बायका हंडे घेऊन टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या दिसतात. हें गाऱ्हाणें म्हणून सांगत नाहीं. तें मांडणारे दुसरे समर्थ आहेत. मुलांच्या आजारांची गोष्ट येथूनच सुरू होते म्हणून सांगतों. उन्हाळ्यांत विहिरीचा तळ खरवडून काढलेलें पाणी प्यावयाचें, आणि मृगाचे पहिले लोट आले कीं रानांतली सारी घाण त्याच विहिरींत उतरावयाची. मुरबाड तालुक्यांत तर आगगाडी नाहीं. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारी सडक हीच त्याची मुख्य वाट. ह्या सडकेपासून आंत, काळू नदीच्या किंवा एखाद्या ओढ्याच्या पलीकडे, ठाकर-कातकऱ्यांचे पाडे आहेत. कांहींना आतां रस्ते झाले, बहुतेकांच्या हातांत फोन आले, १०८ हा आंकडा फिरविला तर रुग्णवाहिका येते. तरीहि आषाढांत ओढा भरला कीं गाडी अलीकडे आणि मूल पलीकडे असा प्रसंग येतोच, आणि मग चार माणसें खांद्यावर झोळी घेऊन निघतात. शहरांत आजारी मूल आणि डॉक्टर ह्यांच्यामधलें अंतर अर्ध्या तासाचें असतें; आमच्याकडे तें पुष्कळदां एका रात्रीचें असतें. ती एक रात्र कोणी कशी काढली, ह्यावर मूल राहतें कीं जातें हें ठरतें. मीं अशा रात्री काढल्या आहेत, आणि त्यांतल्या दोन फार वाईट काढल्या आहेत.

पहिली १९८६ सालच्या श्रावणांतली. सह्याद्रीच्या पायथ्याशीं असलेल्या एका निवासी शाळेंत मी तेव्हां होतों. सात-आठ मुलांना एकाच रात्रीं जुलाब सुरू झाले. विहिरींत ओढ्याचें पाणी शिरलें होतें, हें मागाहून कळलें. बाकीचीं मुलें सावरलीं, परंतु तिसरींतला एक ठाकराचा मुलगा सारखा उठूं लागला. शेवटीं उठण्याचेंहि त्राण राहिलें नाहीं. पोट बिघडलें कीं लंघन करावें, पोटांत पाणी गेलें कीं जुलाब वाढतात, हें लहानपणापासून माझ्या कानांवरून गेलेलें. मीं त्या मुलाचें पाणी बंद केलें. तो रात्रभर पाणी मागत होता आणि मी रात्रभर नाहीं म्हणत होतों. ओला फडका त्याच्या ओठांवरून फिरवीत होतों आणि आपण मोठी शुश्रूषा करीत आहों असें मनाशीं मानीत होतों. सकाळीं त्याचे डोळे खोल गेले. पोटाची कातडी चिमटींत धरून सोडली तर ती तशीच उभी राही. रडे, पण डोळ्यांत पाणी येईना.

दुपारीं उपकेंद्राच्या नर्सबाई आल्या. ओढा कमरेएवढा होता. पिशवी डोक्यावर धरून त्या आल्या होत्या. मुलाकडे पाहून त्यांनीं विचारलें, “गुरुजी, पाणी कोणी बंद केलं?” मीं म्हटलें, “मीं.” त्या कांहींच बोलल्या नाहींत. रागें भरल्या असत्या तर मी तें विसरून गेलों असतों. त्यांचें न बोलणें अद्यापि विसरलेलों नाहीं. आधीं त्यांनीं चार माणसें झोळीसह तयार ठेवावयास सांगितलीं. मूल गिळत नाहीं असें दिसलें तर ओढा कसाहि असो, मुरबाडला निघावयाचें. मग उकळून निवविलेलें एक लिटर पाणी मोजून घेतलें, त्यांत जलसंजीवनीची एक पुडी ओतली, आणि एक लहान चमचा पाजला. घड्याळ पाहून मिनिटानें दुसरा. मुलानें चारपांच चमच्यांनंतर सगळें ओकून टाकलें. मला वाटलें, आतां संपलें. बाई दहा मिनिटें स्वस्थ बसल्या आणि पुन्हां पहिल्यापासून सुरुवात केली, पूर्वीपेक्षां सावकाश. अर्ध्या तासानें चमचा माझ्या हातांत देऊन म्हणाल्या, “आतां तुम्ही. थांबायचं नाहीं.” दिवेलागणीपर्यंत मी चमचा-चमचा पाजीत होतों. त्या वेळीं मुलानें अंथरुणांतच लघवी केली, आणि बाईंचा चेहरा असा उजळला कीं जणूं कोणी बक्षीस दिलें! मूत्रपिंडांपर्यंत पाणी पोंचल्याची ती खूण होती, हें त्यांनीं मला समजावून सांगितलें. झोळीवाल्यांना भाकरी खाऊन घरीं जावयास सांगितलें.

ह्या साध्या पुडीचा इतिहास मीं पुढें वाचला, तो येथें थोडक्यांत सांगतों. १९७१ सालीं बांगलादेशच्या युद्धांत लक्षावधि निर्वासित बंगालमध्यें आले आणि त्यांच्या छावण्यांत पटकी फैलावली. बनगांव येथें डॉक्टर दिलीप महालनबीस काम करीत होते. शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलें, माणसें तर जमिनीवर ओळीनें पडलेलीं. त्यांनीं मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज ह्यांचें मिश्रण पिंपांतून विरघळवून ठेवलें आणि रोग्याच्या आईला, भावाला, जो जवळ असेल त्याला तें पेल्यानें पाजावयास लावलें. त्या छावणींत शंभरांत तीसच्या आसपास माणसें दगावत होतीं, तेथें तें प्रमाण चारांच्याहि खालीं आलें. ह्यांतलें मर्म असें कीं, जुलाबांत आंतड्याची पाणी शोषण्याची एक वाट बिघडली तरी दुसरी शाबूत असते. साखर आपल्यासंगें मिठाला आंत नेते आणि मिठामागून पाणी जातें. साखर गोडीकरितां नव्हे, ती वाटाड्या आहे. १९७८ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या विख्यात वैद्यकीय पत्रानें, हा शोध कदाचित् शतकांतला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, अशा अर्थाचें लिहिलें. महालनबीस २०२२ सालीं वारले.

पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा घालावा. सपाट हा शब्द मुद्दाम सांगतों. मीठ शिगेनें पडलें तर अपाय होतो. चव अश्रूंहून खारट लागतां कामा नये. चोवीस तासांनीं उरलेलें पाणी ओतून टाकावें. दर जुलाबामागें दोन वर्षांच्या आंतील मुलाला पाव ते अर्धा पेला आणि त्याहून मोठ्याला अर्धा ते एक पेला द्यावा. अंगावरचें दूध तोडूं नये. पेज, मऊ भात, ताक चालूं ठेवावें. आरोग्यकेंद्रांत जस्ताच्या गोळ्या फुकट मिळतात, त्या चौदा दिवस द्यावयाच्या. तिसऱ्या दिवशीं जुलाब थांबले म्हणून गोळ्या थांबवूं नयेत. नाचणीची आंबील करण्याची आमच्या पाड्यांवरची रीत चांगली आहे, पण आजारांत तीच बंद करतात. ह्या बाबतींत शिकलेल्या घरांतले लोकहि फार निराळे वागतात असें मला वाटत नाहीं. खेड्यांत “सुई मारा, सलाईन लावा” म्हणून डॉक्टरपाशीं हट्ट धरतात आणि शहरांत जालीम प्रतिजैविकाची चिठ्ठी मागतात. दोन्हीकडे चमचा घेऊन तासभर बसण्याचा कंटाळा मात्र सारखाच.

दुसरी रात्र सांगण्यास मला अधिक जड जातें. शहापूर तालुक्यांत बदली झाल्यावरची ही गोष्ट. शाळेंतल्या एका मुलाचा बाप संध्याकाळीं आपल्या तीन वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन आला. “गुरुजी, जरा बघा, पोर खोकतेय.” मीं तिच्या कपाळाला हात लावला, ताप बेताचा होता. सर्दी दिसते, सकाळच्या एस्. टी.नें दवाखान्यांत नेऊं, असें मीं सांगितलें. माझ्या शब्दावर विश्वासून तो घरीं गेला. पहांटे ती पोर गेली. मीं कपाळ पाहिलें. छाती पाहावयास हवी होती. सदरा वर करून एक मिनिट पाहिलें असतें तर मला समजलें असतें, कारण त्यासाठीं डॉक्टर असावें लागत नाहीं, शंभरपर्यंत अंक येणें पुरतें. आणि अंक शिकविणें हाच माझा धंदा होता.

तेव्हांपासून मी श्वास मोजावयास शिकलों, आणि पुढें सातवीच्या प्रत्येक वर्गाला शिकविला. मूल शांत असतांना, निजलेलें असल्यास उत्तम, छातीवरचें वस्त्र दूर करून पोटाची एक वर-खालीं हालचाल म्हणजे एक श्वास, असे पूर्ण साठ सेकंद मोजावे. तीस सेकंद मोजून दुप्पट करण्याची घाई करूं नये. दोन महिन्यांच्या आंतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पांच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास भरले, तर तो न्यूमोनिया असूं शकतो आणि त्याच दिवशीं औषध सुरू व्हावयास पाहिजे. श्वास घेतांना बरगड्यांखालचा भाग आंत ओढला जात असेल तर मोजीत बसण्याचेंहि कारण नाहीं, निघावें. पिणें सुटणें, सगळें ओकणें, आंकडी येणें, मूल मलूल होऊन हांकेला ओ न देणें, ह्यांपैकीं एक जरी दिसलें तरी वेळ कोणती हें पाहूं नये. अशा वेळीं बिब्ब्याचे चटके देण्यांत पुष्कळ मुलांची शेवटची रात्र वांया गेली आहे.

हें श्वासमोजणीचें शास्त्र खेड्यांतल्या बायकांच्या हातीं देतां येतें, हें महाराष्ट्रांतच सिद्ध झालें आहे. गडचिरोलींत डॉक्टर अभय आणि राणी बंग ह्यांनीं १९८६ सालीं ‘सर्च’ ही संस्था काढली. तेथल्या दाईंना लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांच्याकरितां एका मिनिटाचें वाळूचें घड्याळ आणि मणी अशी युक्ति करून त्यांना श्वास मोजावयास शिकविलें, आणि न्यूमोनियानें होणारे बालमृत्यु कमी झाल्याचें १९९० सालीं प्रसिद्ध केलें. पुढें गांवांतल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांनीं घरोघर जाऊन नवजात बालकांची काळजी घेतली, जंतुसंसर्गाचीं लक्षणें ओळखून उपचार केले. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत नवजात मृत्यूंचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं घटल्याचें दाखविलें आहे. आज आशाताई बाळंतिणीच्या घरीं ठराविक दिवशीं येऊन बाळाचें वजन नि ताप पाहतात, त्या कामाचें मूळ तेथें आहे. आमच्या भागांतल्या आशाताई दोन-दोन डोंगर ओलांडून ह्या फेऱ्या करतात. मानधनाच्या बाबतींत त्यांच्याकडे कोणी फारसें पाहत नाहीं, असें माझें स्पष्ट मत आहे.

तापाविषयीं थोडें. ताप आला कीं खिडक्या बंद करून घोंगडी पांघरविण्याची चाल आहे, ती सोडावी. अंगावर हलकें वस्त्र, कोमट पाण्यानें पुसणें, वारंवार प्यावयास देणें, आणि वजनाच्या मानानें नर्सबाईंनीं सांगितलेली पॅरासिटॅमॉलची मात्रा एवढें पुरे. अॅस्पिरिन मुलांना देऊं नये. दोन महिन्यांच्या आंतील बाळाला ताप आला तर घरीं उपाय करूं नयेत. डेंग्यूची एक खोड मात्र लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तिसऱ्या ते सातव्या दिवसांत ताप उतरतो, घरांतले सुस्कारा टाकतात, आणि खरा धोका तेव्हांच सुरू होतो. पोट दुखणें, सारखी ओकारी, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणें, ही त्याची सूचना. लावणीच्या दिवसांत चिखलांत उभ्या राहणाऱ्या मोठ्या मुलांना आणखी एक ताप गांठतो. उंदरांच्या मुतानें दूषित झालेलें पाणी पायांच्या भेगांतून शिरतें. पोटऱ्या विलक्षण दुखतात, डोळे लाल होतात. त्याला लेप्टो म्हणतात. “लावणी करून अंग मोडलंय” असें म्हणून तो अंगावर काढला जातो. लावणीच्या दिवसांत ताप असलेल्या मुलाच्या पोटऱ्या दाबून पाहाव्या, हें मला आरोग्यकेंद्रांतल्या एका तरुण डॉक्टरनें शिकविलें.

गोवर आला म्हणजे देवी घरीं आली, अशी समजूत आमच्याकडे अजून पुरती गेलेली नाहीं. घरांत फोडणी देत नाहींत, मुलाला औषध देत नाहींत, बाहेरच्याला आंत घेत नाहींत. भगताशीं मी कधीं भांडलों नाहीं. एका म्हाताऱ्या भगताला मीं म्हटलें, “बाबा, तुमचा अंगारा लावा, नारळ घ्या, पण पोराचं पाणी तोडूं नका आणि नर्सबाईला दारांतून परतवूं नका.” त्याला तें पटलें. पुढें पुढें तर तो स्वतःच म्हणे, “देवीनं सांगितलंय, नर्सबाईला बोलवा.” आणि खरें पाहतां बाहेरच्याला आंत न घेण्यांत शहाणपण होतेंच, पुरळ उठल्यापासून चार दिवस गोवर दुसऱ्याला लागतो. पण शुश्रूषा केलीच पाहिजे. दोन्ही डोळे निरनिराळ्या स्वच्छ ओल्या कापडानें पुसावे, तोंड आलें असल्यास मऊ पेज द्यावी, आणि आरोग्यकेंद्रांतून ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस दोन लागोपाठच्या दिवशीं पाजावे. डोळे त्यानें वांचतात. पुरळ मावळल्यावर येणारा न्यूमोनिया नि हगवण हींच बहुधा प्राण घेतात. म्हणून “गोवर गेला” म्हणून पहारा उठवूं नये. लस नऊ महिने पुरे झाल्यावर एकदां आणि दीड वर्षाच्या सुमारास दुसऱ्यांदां द्यावयाची असते. २०२२ सालच्या अखेरीस मुंबईंत गोवंडीला आणि आमच्या शेजारीं भिवंडींत गोवर उसळला, मुलें दगावलीं, तेव्हां शहरांतल्या लोकांना कळलें कीं हा रोग जुन्या पुस्तकांत जाऊन बसलेला नाहीं.

लागण होईल ह्या भयानें आजाऱ्याजवळ न जाणें हें मनुष्याला नवें नाहीं. १८९७ च्या प्लेगांत पुण्याजवळ मुंढव्याहून एका आजारी मुलाला स्वतः उचलून इस्पितळांत नेणाऱ्या सावित्रीबाई फुले त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं गेल्या. तेव्हां त्यांच्यापाशीं मायेखेरीज दुसरें साधन नव्हतें. आज तसें नाहीं. साबण, उघडी खिडकी, तोंडावर चौपदरी फडका, आजाऱ्याचा पेला निराळा, एवढ्यानें बहुतेक रोगांत उशाशीं बसतां येतें, हें २०२० सालच्या साथींत घराघरानें पाहिलें आहे.

वयांत येणाऱ्या मुलांची गोष्ट अगदीं निराळी. लहान मूल रडून सांगतें. चौदा-पंधरा वर्षांचें मूल लपवितें. वसतिगृहांत खरूज झालेला मुलगा लाजेनें बाह्या खालीं ओढून बसतो आणि महिन्याभरांत सारी खोली खाजवूं लागते. तेथें एकाला मलम देऊन भागत नाहीं. एकाच रात्रीं सगळ्यांनीं मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत मलम लावावयाचें, आठवड्यानें पुन्हां, आणि दुसऱ्या दिवशीं सगळ्यांचीं अंथरुणें धुऊन उन्हांत. खाज पुढें दोन-तीन आठवडे टिकते, औषध फुकट गेलें असें समजूं नये. मुली तर त्याहून गप्प. आमच्या एका शाळेंत नववींतल्या मुलीला थंडी वाजून ताप येई. हिंवताप समजून तिचें रक्त दोनदां तपासलें. तिनें मला कांहींच सांगितलें नाहीं, स्वयंपाकीणबाईंना सांगितलें कीं लघवीला जळजळ होते. चौकशी केली तर मुलींच्या शौचकूपाला कडी नव्हती आणि दिवाहि नव्हता. रात्रीं जावें लागूं नये म्हणून मुली दुपारपासून पाणीच पीत नव्हत्या. औषधानें ती मुलगी बरी झाली. बाकीच्या मुलींचा आजार एका कडीनें आणि एका दिव्यानें टळला.

क्षयाचें नांव काढलें कीं अजूनहि लोक आवाज उतरवितात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणें असें मोठ्या मुलांत दिसलें तर थुंकी तपासावयास द्यावी. औषध सरकारांतून फुकट मिळतें, साध्या क्षयाला सहा महिने तें रोज घ्यावें लागतें, आणि खाण्यापिण्यासाठीं १ नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये रोग्याच्या खात्यांत जमा होऊं लागले. त्यापूर्वीं ते ५०० होते. अडचण औषधाची नसते, दुसऱ्या महिन्याची असते. तोपर्यंत मुलाला बरें वाटूं लागतें, आणि तेवढ्यांत दिवाळी येते. दिवाळी झाली कीं कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर निघतात, भिवंडीकडे, कल्याणकडे. पाडे ओस पडतात. मुलगा जातो, औषधाची पिशवी घराच्या आढ्याला लटकत राहते. माझ्या एका दहावींतल्या विद्यार्थ्याचें असें होतें आहे हें दिसतांच मी एका रविवारीं त्याची पिशवी घेऊन भट्टीवर गेलों. तो विटा थापीत होता. मला पाहून आधीं पळाला, मग आला. त्याची नोंद जवळच्या केंद्रांत बदलून घेतां येते, हें मला ठाऊक नव्हतें. तेथल्या क्षयाच्या कार्यकर्त्यानें तें करून दिलें. मुलाशीं मी औषधाबद्दल एक शब्दहि बोललों नाहीं. परीक्षेचा अर्ज भरावयाचा आहे एवढें सांगितलें आणि चैत्रापर्यंत दर पंधरा दिवसांनीं गणिताच्या निमित्तानें जात राहिलों. वयांत आलेल्या मुलाला रोगी म्हटलेलें सहन होत नाहीं. विद्यार्थी म्हटलेलें होतें.

आपल्या शहरांतल्या इमारती अशाच विटांनीं उभ्या राहिल्या आहेत, आणि त्या बांधणाऱ्यांचीं मुलें कित्येकदां आपल्या आवाराच्या कोपऱ्यांतल्या पत्र्याच्या खोलींत असतात. रखवालदाराचें मूल खोकत असेल तर त्याच्या सदऱ्याआड काय चाललें आहे हें एक मिनिट पाहणें अवघड नाहीं. लस कोणत्या दवाखान्यांत कोणत्या वारीं मिळते हें त्याच्या आईला सांगणें तर त्याहून सोपें.

ज्या मुलाचें पाणी मीं तोडलें होतें, तो आज पंचेचाळिशीच्या घरांत आहे. टोकावड्याच्या बाजूला जीप चालवितो. गेल्या पावसाळ्यांत रात्रीं साडेदहाला त्याचा फोन आला. “गुरुजी, धाकटी दोन वर्षांची आहे. मोबाईलच्या उजेडांत दोनदां मोजलं. एकदां बावन्न, एकदां चोपन्न.” मीं विचारलें, “मग तूं आहेस कुठं?” तो म्हणाला, “मुरबाडच्या दवाखान्याच्या दारांत. आंत घेतलंय तिला. तुम्हांला नुसतं सांगायला फोन केला.”